दारातलं घंगाळ

निरोप तासगावच्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरनं आणला. आमची विश्रामबागेतली शाळा रस्त्यालगतच आहे. त्या दिवशी गाडी फाटकासमोर उगाच थांबली. मुली प्रार्थनेच्या रांगेत उभ्या होत्या. कंडक्टर टोपी काढून आत आला आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बाई, चला, गाडीत बसा. पाळकसाहेबांचं काय खरं न्हाई." आमच्या भागात एवढंच म्हणतात. मरणाचा शब्द कुणी थेट हातात ठेवत नाही, प्रवासापुरती तरी आशेला जागा ठेवतात. मला मात्र त्या काढलेल्या टोपीनंच सगळं सांगून टाकलं होतं. परतीच्या गाडीत त्यानं मला खिडकीजवळ बसवलं आणि शेजारी कुणाला बसू दिलं नाही. द्राक्षांच्या मांडवांवर धुकं अजून रेंगाळत होतं, त्यातून एखादा ट्रॅक्टर दिवे लावून हळूच बाहेर यायचा आणि पुन्हा धुक्यात शिरायचा. सगळं कसं झोपेत बघितल्यासारखं... आणि मी वेड्यासारखी एकच विचार करत होते, की दादांसाठी भडंग घ्यायचं राहिलं.

दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. तासगावच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीचे ते कितीतरी वर्षं पाळक होते, आणि निवृत्त झाल्यावरही प्रार्थना-मंदिरामागच्या दोन खोल्यांतच राहत होते. वहिनी फार लवकर गेल्या. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, त्यामुळं सांगलीला बदली होईपर्यंत त्यांचं घर मीच चालवलं. त्या सकाळी मी पोचले तेव्हा त्यांना खोलीत खाटेवर आणून ठेवलं होतं. चेहरा शांत होता, केस नीट होते. पण चादरीखालून बाहेर आलेली पावलं बघून मी दारातच थबकले. घोट्यापर्यंत काळा चिखल! काही ओला, काही वाळून भेगाळलेला. दादा आणि मळलेले पाय, ही जोडी लहानपणानंतर मी कधी पाहिली नव्हती. मंदिराच्या पायरीवर बसल्या बसल्या ते गेले होते. शेजारी झाडाला पाणी घालायचा डबा होता, आणि त्यांचे बूट खोलीतच होते, पॉलिश केलेले, आत मोजे घडी घालून ठेवलेले.

ज्यांना दादा ठाऊक नव्हते त्यांना यात रडण्यासारखं काय, असं वाटेल. म्हणून सांगते. माझ्या भावाला आयुष्यात पुष्कळ गोष्टी जमल्या. उपदेश करणं जमलं, भांडणं मिटवणं जमलं, वहिनींशिवाय जगणंही जमलं. एकच गोष्ट जमत नव्हती आणि ती त्यांना सलत होती. ती म्हणजे दुसऱ्या कुणाला आपले पाय धुऊ देणं.

याची सुरुवात मलकापुरात होते. कराडशेजारी तिथंच आमचं लहानपण गेलं. आईकडं एक मोठं पितळी घंगाळ होतं, ते ती रोज सकाळी भरून दारात ठेवायची, वर तांब्या पालथा. कुणीही आलं की आधी पायावर पाणी, मग नाव-गाव. आमचं घर ख्रिस्ती म्हणून काही लोक त्या पाण्याला शिवायचे नाहीत. घंगाळाला वळसा घालून अंगणातच उभे राहायचे, काम सांगायचे आणि जायचे. आई दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच पाणी भरायची. मी एकदा रागानं म्हटलं, "कशाला भरतेस?" तर म्हणाली, "अगं, त्यांना नकोय ते त्यांचं. आपण घंगाळ उचललं तर चूक आपली." संध्याकाळी आम्ही खेळून आलो की ती आमचेही पाय त्यातच धुवायची, आणि दादांची टाच हातात धरली रे धरली की ते असे किंचाळायचे, की शेजारच्या म्हशी बिथरायच्या. इतक्या गुदगुल्या! आई हसून म्हणायची, "मेलं सगळं घरच हळव्या टाचांचं." आई गेल्यावर घंगाळ दादांकडं आलं.

पाळक झाल्यावर दादांनी त्या घंगाळाला देवळात नेलं. आपल्या प्रभूनं मरणाच्या आदल्या दिवशी बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून उत्तम शुक्रवारच्या आदल्या गुरुवारी बारा जणांचे पाय धुवायचे, अशी रीत त्यांनी सुरू केली. आमच्या मंडळीत असं काही नव्हतं. याकोबराव म्हणून एक वडील होते, वयानंही आणि मंडळीच्या पंचांतले म्हणूनही. ते म्हणाले, "हे कॅथलिकांचं आहे, आपलं नव्हे." पण दादांपुढं कुणाचं चालायचं नाही. अडचण वेगळीच होती. आपल्याकडं थोरल्यानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा म्हणजे केवढं पाप! त्यात पाळकानं! बारा जण मिळेनात. शेवटी मिळाले ते असे, की त्या दिवशी दुपारपासून घरी वज्रीनं टाचा घासत बसायचे, साबण लावायचे, एकानं तर नखांना मेंदीसुद्धा लावली होती. आणि मग धुतलेले पाय नव्या मोज्यांत घालून धुवायला यायचे. दादा कमरेला पांढरा पंचा बांधून गुडघ्यावर बसायचे, मान खाली घालून एकेक पाय हातात घ्यायचे. फार सुंदर दिसायचं ते. सांगलीहून लोक बघायला येत. पंचा धुणारी, निळीत घालणारी, इस्त्री करणारी मी. म्हणजे दादांच्या नम्रतेची मी परटीणच होते म्हणा ना. मी त्यांना चिडवायची, "दादा, मान जरा कमी वाकवा, मागच्या बाकांना चेहरा दिसत नाही." ते हसायचे, पण कान लाल व्हायचे.

मग बहात्तरचा तो दुष्काळ आला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या आवारातली विहीर तळाला गेली, अर्धी मंडळी दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती. मी दादांना म्हटलं, यंदा राहू द्या पाय धुणं. ते म्हणाले, "शालू, एक घंगाळ पाण्यानं काय होतंय?" एक घंगाळ पाण्यानं काय होतं हे बाईमाणसाला विचारावं... पण मी भरलं ते, आमच्या दोघांच्या अंघोळी बुडवून. त्या गुरुवारी संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन खिडक्यांतून आत आलं होतं, त्यात धूळ तरंगत होती, आणि मंदिर भरलेलं असून बारा जणांचं बाक रिकामं होतं. कुणी उठेना. घरी पाय धुवायला पाणीच नव्हतं! सगळ्यांनी आपापली पावलं बाकाखाली ओढून घेतली होती. याकोबरावांनी तर धोतराचा सोगा पुढं सोडून पाय झाकले होते. आणि दादा पंचा बांधून, घंगाळापाशी गुडघ्यावर, वाट बघत.

बायकांच्या जाजमावरून सगुणाबाई उठल्या. या सगुणाबाईंना संतबिंत समजू नका कुणी. उपदेश सुरू झाला की पहिल्या पाच मिनिटांत घोरणारी, जाजमावरच्या जागेवरून माझ्याशी कडाकडा भांडणारी आणि चहात साखर कमी पडली तर तसं तोंडावर सांगणारी बाई. खडीवरून तशीच आली होती. बाकावर मधोमध बसली आणि पाय पुढं करून म्हणाली, "घ्या. माजं लय घाण हाईत बरं का, आदीच सांगते." मंदिरात खसखस पिकली. बाईचे पाय धुवायचे की नाही, हे दादांनी कधी ठरवलंच नव्हतं. क्षणभर थांबून त्यांनी ते हातात घेतले. भेगांतली दगडाची भुकटी निघता निघेना, पाणी राखाडी झालं. धुऊन झालं तशी सगुणाबाई उठल्या आणि पदर खोचून खाली बसायला लागल्या. "आता तुमी बसा वर. काडा ते बूट."

"नको, नको, सगुणाबाई," दादा म्हणाले, आणि एकदम पाय मागं घेतला. इतक्या झटक्यानं, की बूट घंगाळाला लागून ठण्‌ आवाज झाला. सगुणाबाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मग "बरं," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या. त्यानंतर एकेक करून बाकीचे, याकोबरावसुद्धा, उठले, मळलेल्या पायांनी, आणि सगळे म्हणाले की इतका मनाला भिडलेला गुरुवार आजवर झाला नव्हता. दादांनी मात्र त्या संध्याकाळी भाकरीला हात लावला नाही. मी सारवासारव केली, "गुदगुल्यांचंच निमित्त असेल, जुनी खोड." त्यांना ते कारण सहज चालवून घेता आलं असतं. पण ते म्हणाले, "नाही गं. गुदगुल्या नव्हत्या."

पुनरुत्थानाच्या रविवारी, म्हणजे ईस्टरला, मंदिर खच्चून भरलं होतं. दादांनी ठरवलेला उपदेश केलाच नाही. ते वेदीजवळून खाली उतरले, पहिल्या बाकाशी उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुवारी सगुणाबाईंनी माझे पाय मागितले आणि मी ते दिले नाहीत. का दिले नाहीत याचा मी दोन दिवस शोध घेतला. मला खाली बसायला आवडतं. कारण तिथून माझी वाकलेली मान तुम्हा सगळ्यांना दिसते. वर बसलो असतो तर फक्त माझे पाय दिसले असते." बस्स, एवढंच.  सगळीकडं इतकं चिडीचूप झालं, की बाहेर चिमण्यांचा आवाज येत होता. आजवर मी त्यांचे शेकडो उपदेश ऐकले, पैकी मनात राहिला तो हा. आणि त्या दिवशी सगुणाबाई घोरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन खडीच्या कामावर गेले. उन्हात दगडांवर घण पडत होते. बायका तोंडाला पदर बांधून बसल्या होत्या, कोण कोणती ते ओळखू येईना. दादा शोधत शोधत सगुणाबाईंसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी चुकलो. आता धुवा माझे पाय." त्यांनी हातोडी खाली ठेवली, वरून खालपर्यंत त्यांना न्याहाळलं आणि बुटांवर नजर थांबवली. "आवं पाळकसाहेब, चकचकीत हाईत की पाय! सवच्छ पायावर पानी घालायचं दिस हाईत व्हय हे? मळलं की या." आजूबाजूच्या बायका पदराआड हसल्या. सगुणाबाईंचा काही टोमणा नव्हता, पाण्याच्या दिवसांत ती साधी गोष्ट होती. पण दादा परत येताना वाटभर आपल्या बुटांकडं बघत चालले, आणि फाट्यापाशी आल्यावर एकाएकी हसत सुटले. मीही हसले. त्या उन्हात, ओसाड रस्त्यावर, दोघं भाऊबहीण खुळ्यासारखे हसत उभे होतो.

पाऊसपाणी पुन्हा झालं, पण बारा जणांचं बाक पुन्हा मांडलं नाही. दादांनी आईसारखं घंगाळ मंदिराच्या दारात ठेवलं, ते बारा महिने. पुढच्यानं मागून येणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं, मग तो कोण आहे हे न बघता. लोकांना सवय झाली. बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या परक्या बायकासुद्धा वाटेत थांबून पाय ओले करून जात. गंमत अशी, की मंदिर उघडायला दादाच सर्वांत आधी येत, म्हणून त्यांच्या पायावर घालायला पुढं कुणी नसायचं. सगुणाबाईंनी मात्र ते लक्षात ठेवलं होतं. त्याही आता बेदाणे निवडायला शेडवर जायच्या, रस्ता मंदिरावरूनच. दादा दिसले की रस्त्यावरूनच ओरडायच्या, "काय पाळकसाहेब, मळलं का न्हाई पाय अजून?" दादा पायरीवर बसल्या बसल्या दोन्ही बूट वर करून दाखवायचे. कितीतरी वर्षं चाललेली चेष्टा होती ती. पण मी त्यांना ओळखत होते. बूट खाली ठेवताना त्यांचं हसू मावळलेलं असायचं.

आमची शेवटची भेट फेब्रुवारीतल्या एका रविवारी झाली. बाहेर बेदाण्यांचा गोडसर वास पसरला होता, दुपार पेंगत होती, आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. दादा बरेच थकले होते, छातीत अधूनमधून दुखायचं. पायरीलगत त्यांनी पेरूचं रोप लावलं होतं आणि त्याला पाणी घालायला ते बूटमोजे घालून जायचे! मी त्यावरून त्यांची खूप थट्टा केली.  मग ते म्हणाले, "शालू, देवापुढं उभं राहताना मी काय घेऊन जाणार गं? किती जणांचे पाय धुतले ते? तो म्हणेल, ते ठीक आहे, तुझे कुणाला दिलेस?" मी म्हटलं, "दादा, तो असं विचारणार नाही." "तो नाही विचारणार," ते म्हणाले, "पण मला आठवेल." गाडीची वेळ झाली म्हणून मी उठले. निघताना ते म्हणाले, "एक दिवस मळवूनच बसतो बघ..." मी हात हलवला. त्यांचं हे बोलणं मी शाळेच्या गडबडीत विसरूनही गेले होते.

त्या सकाळी सगुणाबाई त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "म्या रस्त्यावरनं बगितलं, बाई. पायरीवर बसल्यात, पाय चिकलानं भरल्यात. म्या वरडले, पाळकसाहेब, आज मळलं की वो पाय! वाटलं, आता हसत्याल. उत्तर न्हाई... ऊन खात डुलकी लागली आसंल म्हणून म्या जवळ गेले, तांब्या भरून घिऊनच गेले, बाई." एवढं बोलून त्यांनी पदर तोंडात धरला. ते झाडाला पाणी घालून दमून बसले होते, की सगुणाबाई येण्याच्या वेळेला मुद्दाम अनवाणी येऊन बसले होते, मला माहीत नाही. खोलीतले ते घडी घातलेले मोजे मी पाहिले आहेत. मी समजायचं ते समजले आहे.

अंघोळ घालायला पुरुष जमले. सगुणाबाई म्हणाल्या, पाय मी धुणार. याकोबराव आता फार म्हातारे झालेत, पण आवाज तोच आहे. म्हणाले, "बाईमाणसानं पुरुषाच्या देहाला हात लावायची रीत नाही." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "याकोबराव, दादांनी तुमच्या पायांना हात लावला तेव्हाही रीत नव्हती. तेव्हा तुम्ही ते पुढं केले होते."  ते काठी टेकत बाहेर गेले, आणि थोड्या वेळानं बघते तर दोन पोरांकडून मंदिराच्या दारातलं घंगाळ उचलून आत आणवत होते. सगुणाबाईंनी दादांचा उजवा पाय मांडीवर घेतला. बोटांच्या बेचक्यांतला चिखल बोटानं काढला, घोटे चोळले, मग टाच हातात धरली.  वाटलं, आत्ता किंचाळतील, आत्ता पाय ओढतील... पाय तसाच राहिला, सगुणाबाईंच्या हातात. माझा दादा गेला, हे मला त्या क्षणी खऱ्या अर्थानं कळलं. पण डोळ्यांत पाणी येईना.

मातीहून परत आल्यावर दारात पाय धुवायचे, म्हणून घंगाळ पुन्हा भरून बाहेर ठेवलं होतं. तांब्या सगुणाबाईंकडं होता. एकेक जण पाय धुऊन आत गेला. सर्वांत शेवटी मी राहिले. "बाई, पाय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "असू दे, मी घेते धुऊन," आणि तांब्याला हात घातला. त्यांनी सोडला नाही. "भावाचंच रगात!" म्हणाल्या, "बसा खाली." मी दादा बसले होते त्याच पायरीवर बसले. पाणी गार होतं. खडी फोडून आणि बेदाण्याच्या काड्या खुडून खरखरीत झालेला त्यांचा तळवा माझ्या टाचेवरून फिरला, आणि मला अशा गुदगुल्या झाल्या की मी खळखळून हसले. भावाला माती देऊन आलेली पन्नाशीची बाई, मंदिराच्या दारात, सगळ्या मंडळीदेखत! आत याकोबरावांनी मान वळवून पाहिलं. हसता हसता सकाळपासून अडलेलं रडू बाहेर आलं, आणि सगुणाबाई पाणी घालतच राहिल्या.

मंदिरासाठी याकोबरावांनी नवं घंगाळ घेतलं आणि जुनं माझ्याकडं पाठवलं, त्याच कंडक्टरबरोबर. ते आता विश्रामबागेतल्या माझ्या बिऱ्हाडाच्या दारात असतं. खालच्या अंगाला बुटाचा लहानसा पोचा आहे. रोज सकाळी भरते. कुणी आलं की तांब्या मीच उचलते. पण कुणी माझ्या हातातून मागितला, तर आता देते.